जमेल तेव्हाची नोकरी आणि माझा उजवा डोळा

सकाळचे दहा वाजलेत, वार मंगळवार, आणि माझा मुलगा पायजम्यात घरभर फिरतो आहे. आजारी नाही, नोकरी सुटलेली नाही, सुट्टी नाही. विचारलं तर म्हणतो, "आई, माझी वेळ अजून सुरू व्हायची आहे." पंचावन्न वर्षांच्या माणसाची वेळ अजून सुरू व्हायची असेल तर ती होणार कधी, हे मला कोणी सांगेल का? पूर्वी नऊच्या ठोक्याला या घरातून तीन माणसं बाहेर पडत आणि सहानंतर परत येत. मधले नऊ तास घर माझं असे. खुर्ची हवी तिकडे ओढावी, रेडिओ मोठ्याने लावावा, स्वतःशी भांडावं आणि जिंकावं. आता दिवसात एक तास असा सापडत नाही की कोणी घरात येत नाही किंवा घरातून जात नाही. हे घर आहे की रेल्वेचं फाटक, तेच कळेनासं झालंय.

तीर्थस्वरूप वन्संना माझा वाकून नमस्कार (मनातल्या मनात वाकून, गुडघे आता विचारल्याशिवाय वाकत नाहीत). राग आधी लिहिला म्हणून रागावू नका. राग नासतो, नमस्काराला काय, तो टिकाऊ असतो. तुमचा रक्तदाब कसा आहे? कंबर? सुनेची कंबर? (तिची तुमच्या आधी गेली असं ऐकते.) तुमचे दोन्ही डोळे छान झाले याचा आम्हाला आनंद आहे. मागच्या खेपेला आलात तेव्हा आमच्या पंख्यावरची धूळ तुम्हाला दारातूनच दिसली आणि तुम्ही चप्पल काढायच्या आत ती बोलूनही दाखवलीत. माझ्या सुनेने त्याच दिवशी पंखा पुसला. म्हणजे तुमच्या डोळ्यांचा फायदा आम्हालाही झाला. फोन न करता पत्र का लिहिते, असं तुम्ही म्हणाल. फोन बाहेरच्या खोलीत आहे, आणि बाहेरच्या खोलीत तुमचा भाचा आहे. तो गेला की नात येते, ती गेली की सून येते. या घरात आता एकटीने बोलायची सोय राहिलेली नाही. म्हणून स्वयंपाकघरात ओट्याला टेकून लिहिते आहे. विचारलं तर वाण्याची यादी म्हणून सांगते.

अक्षर मोठं आलंय आणि ओळी उताराला लागल्यात, त्याला हसू नका. थोडा दोष चौथीपर्यंतच्या शाळेचा, बाकी सगळा उजव्या डोळ्याचा. मोतीबिंदू पुरता पिकलाय. डाव्याने लिहिते, उजवा नुसता सोबतीला. समोरच्या इमारतीतल्या एका बाईला मी महिनाभर गॅलरीतून हात करत होते. ती उलट कधी हात करत नाही म्हणून मनात अढी धरली, तिच्या घराण्यापर्यंत गेले. शेवटी नात म्हणाली, "आजी, ती बाई नाही, झाकून ठेवलेली सायकल आहे." डॉक्टरीणबाई म्हणतात, आता थांबलात तर तो दगडासारखा होईल, मग काढायला जड जाईल, आणि डावाही त्याच वाटेवर आहे. बायका म्हणतात, नातवंडांची तोंडं बघायला डोळे हवेत. मला तसलं काही नाही, ती तोंडं मी पोटभर बघितली आहेत. मला सुईत दोरा ओवायचाय, आणि भाजीवाला काट्यावर बोट ठेवतो की नाही ते बघायचंय. एवढ्याचसाठी ऑपरेशन हवं, आणि या जमेल तेव्हाच्या नोकऱ्यांपायी तेवढंही होईना. ते कसं, ते नीट सांगते. मला स्वतःलाही अजून नीट कळलेलं नाही. लिहिता लिहिता कळलं तर बरंच.

आमच्या घरासमोरचा रस्ता तुम्ही पाहिलाय. सकाळी नऊला तिथे गाड्या अशा चिकटून उभ्या असत की एका गाडीतल्या माणसाने दुसऱ्या गाडीतल्या माणसाला काच खाली करून अर्धा पाव दिलेला मी पाहिलाय (तेव्हा दोन्ही डोळे चालत होते). मग कुठल्याशा मोठ्या साहेबांच्या डोक्यात आलं की सगळे एकाच वेळी निघतात म्हणून रस्ता तुंबतो. तर सगळ्यांनी वेगवेगळ्या वेळी निघावं. कचेऱ्यांनी कागद वाटले. सकाळी सात ते दुपारी बारा, मधे केव्हाही या, आठ तास भरा, घरी जा. याला लवचिक वेळ म्हणतात, असं मुलाने मला समजावलं. मला लवचिक म्हणजे परकराच्या इलॅस्टिकपलीकडे काही माहीत नाही, आणि इलॅस्टिकचं मला एवढंच माहीत आहे की ते एकदा सैल झालं की दिवसभर हाताने धरून चालावं लागतं. पण मी गप्प बसले. (बसले म्हणजे एकदाच बोलले.)

आता तिघांच्या नोकऱ्या तुमच्या लक्षात असतील-नसतील म्हणून सांगते. मुलगा पाणीखात्यात नळांचे नकाशे काढतो. घरातला नळ गेले आठ महिने गळतो आहे. सून छापखान्यात दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका शोधते आणि घरी आली की सराव चालू ठेवते. नात फोनवर दिवसभर परक्या माणसांच्या तक्रारी ऐकून घेते, म्हणून घरात तिला एकही ऐकू येत नाही. तिघांनाही कागद एकाच आठवड्यात मिळाले. आता सरळ रीत काय? जेवताना बसून विचारायचं, बाबा रे, तू किती वाजता, बाई गं, तू किती वाजता. पण नाही. तुमच्या माहेरची रीत आड आली. तुमचे बंधू मला लग्नानंतर चौथ्या दिवशी म्हणाले होते, "आमच्या घरात विचारत नाहीत, समजून घेतात." आणि खरंच, जन्मभर कोणी कुणाला काही विचारलं नाही. सगळ्यांनी समजून घेतलं, आणि प्रत्येक वेळी उलटंच समजून घेतलं. (त्यांनी मला न विचारता माझ्यासाठी जी जांभळी साडी आणली होती, तिची अजून घडी मोडायची आहे. लागली तर तुम्हाला देईन.)

तर मुलाने समजून घेतलं की सुनेला सकाळी घाई होते, न्हाणीघर तिला मोकळं मिळावं, आपण लवकर निघावं. त्याने सात लिहिले. सुनेने समजून घेतलं की नवऱ्याला रहदारीचा त्रास होतो, गाडी त्याला सावकाश नेऊ दे, आपण पहिल्या बसने जाऊ. तिनेही सात लिहिले. नातीने समजून घेतलं की आईबाप दोघेही उशिरा जातील (म्हातारे झालेत म्हणे), तेव्हा तिनेही सात. सोमवारी पावणेसहाला एका न्हाणीघराच्या दारात तिघं टॉवेल घेऊन उभी. भांडण झालं असतं तर दहा मिनिटांत निकाल लागला असता. पण नाही, ही समजूतदार माणसं! "तू जा आधी." "नाही, तुम्ही जा, मला घाई नाही." "बाबा, तुम्ही जा ना." वीस मिनिटं तीन माणसं एका दाराला मान देत उभी होती आणि बंबातलं पाणी थंड होत होतं. शेवटी मीच आत गेले आणि कडी लावली.

कागदावरची वेळ दर दुसऱ्या सोमवारी बदलता येते. म्हणून पुढच्या खेपेला तिघांनीही मोठ्या मनाने माघार घेतली. पुन्हा न विचारता! सगळ्यांचे अकरा झाले. मग पहाटेपासून साडेदहापर्यंत तीन मोकळी माणसं माझ्या पायात. मुलगा डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागला, कशात काय आहे म्हणून (डब्यात काय आहे ते मला चाळीस वर्षं वासाने कळतं, चिठ्ठी मात्र आता वाचता येत नाही). सुनेला माझ्या भांडी लावण्यात चुका सापडल्या, सतरा. शेवटी मी लाटणं आपटलं आणि म्हटलं, "तिघांनी तीन वेळा लिहा, नाहीतर मी माझी वेळ लिहीन आणि त्या वेळेत कुणाला जेवायला मिळणार नाही." तेव्हा कुठे सुनेचे सात, मुलाचे अकरा, आणि नातीचं काहीतरी भलतंच: सकाळी चार तास, दुपारी घरी, मग पुन्हा चार तास. आता नवराबायकोची गाठच पडत नाही, सकाळी ती निघते तेव्हा तो घोरत असतो, रात्री तो जेवायला बसतो तेव्हा ती पेंगत असते. बाकी संसार शीतकपाटाच्या दारावर चालतो, चिठ्ठ्यांनी. परवा मुलाने चिठ्ठी लिहिली, "तू कशी आहेस?" सुनेने त्याखाली "कशी" ला दुसरी वेलांटी की पहिली हे तपासून ठेवलं आणि उत्तर लिहायला विसरली.

आता म्हणाल, निदान रस्ता तरी मोकळा झाला असेल. इथेच माझं डोकं चालेनासं होतं. रस्त्याची गर्दी कळायला डोळे लागत नाहीत, भोंगे ऐकून कळते. पहिल्या आठवड्यात नऊला रस्ता इतका शांत की मला वाटलं कोणी मोठा माणूस गेला. आणि अकराला असा कालवा की कपबशा वाजायला लागल्या. सगळ्या गावाने आमच्यासारखंच समजून घेतलं होतं: बाकीचे नऊला जातील, आपण अकराला जाऊ. मग सगळे सातवर गेले, मग साडेनऊवर. गर्दी रस्त्यावर पकडापकडी खेळत असल्यासारखी सरकते आहे. कोपऱ्यावरच्या वाहतूक पोलिसाला मी दूध आणायला गेले तेव्हा विचारलं, "काय रे, कमी झाली का रहदारी?" तो म्हणाला, "आजी, पूर्वी सकाळी एकदा मरायचो आणि संध्याकाळी एकदा. आता कधी मरायचं तेच कळत नाही, म्हणून दिवसभर तयारीत उभा असतो." आमच्या घरात तर एकमत होईल तर शपथ. मुलगा म्हणतो कमी झाली, सून म्हणते वाढली, नात म्हणते सरासरी तेवढीच आहे. खालचे दातांचे डॉक्टर म्हणतात, रोगी आता कुठल्याही वेळी येतात आणि उशीर झाला तर रस्त्यावर ढकलतात. (पूर्वीही ढकलतच असत. दात काढायला वेळेवर कोण जातं?)

तर डोळा. पहिली तारीख मागच्या महिन्यातल्या एका बुधवारची होती, सकाळी अकराला हजर. तारीख मिळाली तेव्हा तिघंही खूश. "बघ आजी, आता वेळ लवचिक आहे, कुणीही नेईल!" नात म्हणाली. वन्सं, 'कुणीही' हा माणूस आमच्या घरात मी अजून पाहिलेला नाही. त्या बुधवारी मी डोळ्यात थेंब घालून, पिशवी मांडीवर घेऊन सहापासून खुर्चीत. प्रत्येकाला वाटलं, दुसरा नेतो आहे. सून साडेसहाला गेली, नात आठला, मुलगा साडेदहाला. जाताना प्रत्येकाने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, जणू काही मीच शाळेत चालले होते. दुपारी नात आली आणि मला खुर्चीत बघून किंचाळली. तोवर दवाखान्यात दुसऱ्या कुणाचा तरी डोळा झाला होता.

मग तिघांनाही लाज वाटली, आणि लाज वाटलेली माणसं निष्काळजी माणसांपेक्षा वाईट. दुसरी तारीख गेल्या शुक्रवारची. या खेपेला तिघांनीही आपापल्या वेळा वाकवल्या, कुणी कुणाला सांगितलं नाही (तुमच्या माहेरचं पाणी!) आणि तिघंही आपापल्या कचेरीतून परस्पर दवाखान्यात हजर. मुलाकडे सगळे कागद. सुनेकडे शाल. नातीकडे गरम पाण्याची बाटली आणि काळा चष्मा. परिचारिका म्हणाली, "पेशंट कुठे आहे?" तिघांनी एकमेकांकडे बघितलं. पेशंट इथे स्वयंपाकघरात भेंडी चिरत होता. मग तिघं तीन वाटांनी मला न्यायला निघाली आणि तिन्ही वाटांवर अडकली, कारण त्या दिवशी गर्दी साडेनऊची होती. तीन गाड्यांतून तीन फोन: "आई, तयार राहा." "आई, निघू नका." "आजी, तू कुठेयस?" मुलगा पोचला तेव्हा साडेबारा झाले होते आणि डॉक्टरीणबाई हात धुऊन घरी गेल्या होत्या.

आता तिसरी आणि शेवटची तारीख पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची. परिचारिकेने स्वच्छ सांगितलंय, या वेळी पेशंट आला नाही तर नाव यादीच्या तळाशी, म्हणजे पाच महिने. डॉक्टरीणबाई म्हणतात पाच महिने हा डोळा थांबणार नाही. शीतकपाटावर त्या गुरुवारसाठी तीन चिठ्ठ्या लागल्या आहेत. नातीला वाचायला लावल्या. तिन्हींवर एकच लिहिलंय: "मी बघतो/बघते." कोण काय बघणार, आणि बघणारे एवढे असताना मला दिसणार कधी, हे त्या चिठ्ठ्यांत नाही. तेव्हा तुम्ही थोरल्या आहात, तुमचं भाचा ऐकतो. त्याला दोन ओळी खरमरीत लिहा की ही जमेल तेव्हाची नोकरी पुरे झाली, तिघांनी पूर्वीसारखं नऊला जावं आणि सहाला यावं, म्हणजे कोण घरात आणि कोण बाहेर हे आंधळ्यालाही कळेल. (मी आंधळी नाही. बोलायची पद्धत आहे.)

बाकी सगळं ठीक. तुमच्या सुनेच्या कंबरेला शेक द्या, तुमच्या जिभेला विश्रांती द्या. लहानांना आशीर्वाद, मोठं आता तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

तुमची भावजय

ता. क. भाच्याला नऊचं काही लिहू नका. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण एक गोष्ट ओट्याखाली सरकवली होती, ती बाहेर काढते. पहिल्या तारखेला, त्या बुधवारी, तिघांनीही जाताना विचारलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या घराण्यातल्या माणसांनी तोंड उघडून विचारलं, आणि नेमकं तेव्हा! सुनेला मी सांगितलं, नात नेते आहे. नातीला सांगितलं, मुलगा नेतो आहे. मुलाला सांगितलं, सून अर्ध्या वाटेवरून परत येते आहे. दुसऱ्या तारखेला, शुक्रवारी, तिघांचेही सकाळी फोन आले. तिघांनाही मीच म्हटलं, मी दुसऱ्याबरोबर निघाले, तू परस्पर ये. दवाखान्यात भेटल्यावरही आईने काय सांगितलं होतं हे कुणी कुणाला विचारलं नाही, तुमच्या माहेरची रीत. तिघं सकाळी एकाच वेळी घराच्या दारात असती तर माझी थाप दोन पावलंही चालली नसती. या लवचिक वेळेची मी कितीही बदनामी केली तरी मला तिचाच उपयोग झाला. ती बिचारी अजून एकमेकांची क्षमा मागतात, चिठ्ठ्यांनी. मी त्या वाचता येत नाहीत म्हणून सांगते.

ता. क. दुसरा. कारण असं की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोपेचं औषध देत नाहीत, तुम्ही जाग्या असाल, फक्त हलायचं नाही आणि बोलायचं नाही. म्हणजे उघड्या डोळ्यासमोर पातं येणार आणि मी गप्प पडून राहायचं. मला भीती वाटते. हे वाक्य मी जन्मात लिहिलेलं नाही, म्हणून ओळ वाकडी झाली. घरातली तिघं म्हणतात, "काही होत नाही आजी", "काही होत नाही आई". ती मला बरं वाटावं म्हणून काहीही म्हणतील. तुम्ही छप्पन वर्षांत मला बरं वाटावं म्हणून एक शब्द बोललेला नाहीत. तुम्ही म्हणालात दुखत नाही तर नसेल दुखत, आणि दुखतं म्हणालात तर मी ते कळून तरी जाईन. दोन्ही डोळे तुम्ही करून आलात, एकटीने, आणि वरून मला फोन करून मिरवलंत. तेव्हा पुढच्या बुधवारी दुपारपर्यंत इथे या. गुरुवारी मला तुम्ही न्या, दारापर्यंत नाही, आतल्या बाकापर्यंत. न बोलावता तुम्ही नेमक्या नको त्या वेळी येता हे मी छप्पन वर्षं पाहते आहे. एकदा बोलावलेल्या वेळी येऊन दाखवा. वाटेत गर्दी कुठल्या वेळेची असेल सांगता येत नाही, म्हणून पहाटेच्या गाडीने निघा. कोणाला काही सांगू नका. मी चिठ्ठी लावीन की वन्सं पंखा तपासायला येताहेत, सगळे विश्वास ठेवतील.

ता. क. तिसरा. उत्तर तुम्हीच लिहायचं, तुमच्या हाताने, सुनेने नाही, मुलाने नाही, आणि फोन तर मुळीच नाही. पाकिटावर माझंच नाव टाका. आत "येते" एवढंच लिहा, आणि मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे मला कुणाला विचारावं लागणार नाही.